नॉर्वेची लेक, कास्तिलची सून

[दृश्य : बर्गनचं बंदर]

1250 चं दशक. नॉर्वेचा राजा होकॉन चौथा याच्या दरबारी थेट कास्तिलहून, म्हणजे आजच्या स्पेनमधून, वकील आलेत. मागणी घालायला. मुलगी क्रिस्तिना, जन्म 1234.

कास्तिलचा राजा अल्फोन्सो दहावा याला पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखातल्या साम्राज्याच्या, सम्राटपदाचे डोहाळे लागलेत. आई जर्मनीच्या होहेनश्टाउफेन घराण्यातली, त्या जोरावर तो हक्क सांगतोय. उत्तरेत एखादा तालेवार सोयरा असला तर बरंच. आणि होकॉनचा लोभ? धान्य. नॉर्वेत पिकतं थोडं. बाकीचं बरंचसं ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांकडून येतं. ल्यूबेक हे त्याच साम्राज्याचं शहर. उद्याचा सम्राटच सोयरा झाला, तर धान्याची वाट सुकर.

गंमत अशी, की नवरदेव अजून ठरलेलाच नाही. होकॉनची अट एकच : राजाच्या भावांपैकी कोण, ते मुलगी आणि सोबतची जाणती माणसं ठरवतील.

[दृश्य : नकाशावर सरकणारी रेघ]

1257 च्या उन्हाळ्यात गलबत सुटलं. सोबत हामारचा बिशप पेटर आणि शंभरावर माणसं. सामानात सोनं, चांदी, पांढरी नि करडी फर. आधी इंग्लंडचं यारमथ, मग नॉर्मंडी. तिथे सत्तरहून जास्त घोडे विकत घेतले आणि पुढचा रस्ता जमिनीवरून धरला. फ्रान्सचा राजा लुई नववा, नार्बोन, बार्सेलोना, असे मुक्काम करत नाताळाला बुर्गोस. जानेवारी 1258 मध्ये वायादोलिद.

[दृश्य : वायादोलिद]

तिथे अल्फोन्सोने भावांची ओळख करून दिली. आइसलँडच्या सागेत, म्हणजे जुन्या गद्य चरित्रकथेत, हा प्रसंग चवीने आलाय. एका भावाच्या ओठावर शिकारीत झालेल्या जखमेचा वण. दुसरा, फेलिपे, नेमलेला चर्चच्या सेवेला, सेविलचा नियोजित आर्चबिशप. पण मन रमायचं ते अस्वलं-रानडुकरांच्या शिकारीत. क्रिस्तिनाने फेलिपेला पसंत केलं. त्याने चर्चचं पद सोडलं. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवशी, वाङ्‌निश्चय झाला. उपासाच्या काळात लग्न लावत नाहीत, म्हणून ईस्टर उलटल्यावर, 31 मार्चला, लग्न लागलं.

राणीला मूल होत नव्हतं म्हणून अल्फोन्सोने क्रिस्तिनाला स्वतःसाठीच आणवलं, असं नंतरची एक बखर लिहिते. ते धरून चालू नका. राणी व्हिओलांतेला तोवर मुलगी आणि मुलगा, दोन्ही झाले होते.

तहानुसार दोन्ही राजांनी एकमेकांच्या मदतीला धावायचं होतं. फक्त आपापल्या मित्रराजांविरुद्ध नाही. पण दोन राज्यांत अख्खा समुद्र. फौज पोचवायची कुणी आणि किती दिवसांनी? करार कागदावरच राहिला. सम्राटपदाचा हट्ट अल्फोन्सोने पुढे 1275 मध्ये, पोपच्या दबावाखाली, सोडला.

तोवर क्रिस्तिना राहिली नव्हती. 1262 मध्ये सेविलला ती गेली, वय अठ्ठावीस, मूलबाळ नाही. कारणाची नोंद नाही. "उन्हाने आणि माहेरच्या आठवणीने झुरली" हे मागाहून चढवलेले रंग.

[दृश्य : कोवार्रुबियासचा मठ]

दफन सेविलला नव्हे, बुर्गोसजवळच्या कोवार्रुबियासला झालं, कारण फेलिपे पूर्वी तिथला मठाधिपती होता. 1958 मध्ये दगडी पेटी उघडली, तेव्हा आत एका उंच, तरुण बाईचे अवशेष सापडले.

फेलिपेने पुढे दुसरं लग्न केलं, आणि 1272 मध्ये भावाशी बिनसल्यावर बंडखोर सरदारांसोबत ग्रनाडाच्या मुस्लिम सुलतानाच्या आश्रयाला गेला. नॉर्वेच्या संत ओलावच्या नावाने देऊळ बांधीन, हा शब्द त्याने क्रिस्तिनाला दिला होता असं सांगतात. ते देऊळ कोवार्रुबियासबाहेर उभं राहिलं 2011 मध्ये.