घाट चढून येणारं पाणी

(दृश्य: पहाटेचे पाच. इंदूर, रामबागेतली जुनी गल्ली. अंगणात पितळेची कळशी, शेजारी निळं पिंप. नळातून आधी फुसफुसत हवा सुटते, मग पाणी.)

इंदूरच्या आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नर्मदा आली का?

नर्मदा म्हणजे नळाचं पाणी. बोअरिंगचं पाणी धुण्याभांड्याला, नर्मदा पिण्याला आणि देवाला. आमच्याकडे ती दिवसाआड येते. पहिली कळशी भरली की आई अजूनही हात जोडते. लहानपणी मला वाटायचं, नदी आपल्या गल्लीच्या पलीकडेच कुठेतरी वाहत असेल.

नदी इथून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. आणि ती खूप खाली आहे.

(दृश्य: नर्मदेचं संथ पात्र. काठाकाठाने चालणारे परिक्रमावासी. मागे पंपघराची भिंत, आत मोटारींची घरघर.)

हे जलूद. घाटाखालच्या निमाड भागातलं, मंडलेश्वरजवळचं गाव. अहिल्याबाईंचं महेश्वर इथून जवळच. इथे नदी समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटर उंचीवर वाहते. इंदूर साडेपाचशे मीटरवर वसलंय. मध्ये विंध्याचा घाट. इंदूरचं पाणी इथे नदीतून उपसतात, टप्प्याटप्प्याने पंपांनी घाटावर चढवतात, आणि वांचू पॉइंटच्या माथ्यावर पोचलं की तिथून ते उताराने शहराकडे येतं.

चढवायला किती वीज लागते, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला एक युनिटाहून थोडी जास्त. ही झाली कागदावरची वीज. पंपात आणि वाहिनीत जे वाया जातं ते धरलं तर दीड युनिटाच्या पुढे. चौघांचं घर दिवसाला पाचशे लिटर पाणी वापरतं असं समजू. म्हणजे त्या घराच्या नावाने, घरातलं एकही बटण न दाबता, रोज निदान पाऊण युनिट वीज घाटात खर्च होते. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा ऐंशी तास चालेल.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने हातातल्या कळशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, मग ही कळशी फुकटची कुठे?"

(दृश्य: यशवंतसागरचं धरण, बिलावली तलाव. जुन्या इंदूरची कृष्णधवल छायाचित्रं.)

होळकरांच्या काळात शहराची तहान तलावांवर आणि गंभीर नदीवर बांधलेल्या यशवंतसागरावर भागायची. गिरण्या वाढल्या, माणसं वाढली, आणि ते पाणी पुरेना. 1970 साली इंदूरचे लोक रस्त्यावर उतरले: नर्मदा इंदूरला आणा. मागणी मान्य झाली आणि 1978 मध्ये नर्मदा शहरात आली. त्या दिवसांच्या आठवणी सांगताना आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आजही बदलतो.

तेव्हापासून शहर वाढतच गेलं. कारखाने, कॉलेजं, नव्या वसाहती, सगळ्यांच्या मुळाशी हे चढवलेलं पाणी आहे. आणि पाण्याच्या मुळाशी विजेचं बिल. अलीकडच्या वर्षांत ते महिन्याला सुमारे 25 कोटी रुपये झालं. ज्या पैशातून रस्ता, शाळा, दवाखाना व्हायचा, तो पैसा दर महिन्याला घाटात मुरतो. इंदूरच्या विकासाबद्दल बोलायचं, तर मला वाटतं, या बिलापासूनच सुरुवात करायला हवी.

(दृश्य: निमाडातली उघडी, खडकाळ जमीन. कडक ऊन. झुडपांच्या आखूड सावल्या.)

फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महापालिकेने लोकांकडे उसने पैसे मागितले. जलूदच्या पंपांसाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, म्हणून 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले. व्याज वर्षाला सव्वाआठ टक्के, दर सहा महिन्यांनी मिळणारं. मुद्दल चार भागांत परत: तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी. किमान दहा हजार रुपये गुंतवायचे. म्हणजे पेन्शनीत निघालेल्या शिक्षिकेलाही परवडेल असं.

244 कोटी मागितले. देशभरातल्या लोकांनी सुमारे 720 कोटींची तयारी दाखवली.

हा आकडा मला मोठा वाटतो, तो रकमेमुळे नव्हे. आपल्याकडे महापालिकेशी माणसाचा संबंध दोन खिडक्यांवर येतो, कर भरण्याची आणि तक्रार नोंदवण्याची. इथे तिसरी खिडकी उघडली. नागरिक सावकार झाला, आणि त्याने पैसे दिले ते उन्हावर.

(दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीने मांडलेली गणितं.)

आता जरा वही घेऊन बसू. प्रकल्पाचा खर्च 308 कोटी. त्यातून वीजबिलात महिन्याला सुमारे 4 कोटी वाचतील, असा सरकारी अंदाज. वर्षाचे 48 कोटी. रोख्यांचं व्याज पहिल्या वर्षी वीस कोटींच्या आसपास, आणि मुद्दल फिटत जाईल तसं ते कमी होणार. व्याज देऊनही पहिल्याच वर्षी अठ्ठावीसेक कोटी उरतात. त्यातून मुद्दल फिटत जातं. पॅनेलचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं धरतात. कर्ज नऊ वर्षांत संपतं. पुढच्या सोळा वर्षांचं ऊन जवळजवळ मोकळं.

पण 25 कोटींतले 4 कोटी म्हणजे सहावा हिस्सा. उरलेले पाच हिस्से अजून बाकी आहेत, आणि त्यांचाही विचार आत्ताच व्हायला हवा.

(दृश्य: एका घराच्या गच्चीवरची सौर पॅनेल. त्यांवर धुळीचा थर. एक तरुण पाण्याने पुसतोय.)

एक गैरसमज इथे दूर करते. निमाडात मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, तेव्हा वीज सगळ्यात जास्त मिळत असेल असं वाटतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेल तापलं की दर अंशामागे त्याची ताकद थोडी थोडी उतरते, साधारण 0.3 ते 0.4 टक्के. भर उन्हात पॅनेलचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो, म्हणजे दहा-बारा टक्के वीज उन्हाळाच खाऊन टाकतो. त्यात धूळ. म्हणून हिवाळ्यातली स्वच्छ, गार दुपार पॅनेलला जास्त मानवते. पावसाळ्यात ढग आले की उत्पादन पडतं.

आणि रात्र तर रोजचीच. पंप चोवीस तास चालतात, सूर्य चालत नाही. दिवसाची सौर वीज ग्रिडला, म्हणजे सामायिक वीजजाळ्याला जाते, पंपांच्या बिलात तिची वजावट होते, आणि रात्री पंप ग्रिडचीच वीज घेतात. त्या रात्रीच्या विजेत कोळसा आहे. याच नर्मदेवर, वरच्या अंगाला, ओंकारेश्वरच्या जलाशयात 600 मेगावॉटच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचं काम चाललंय. 2024 मध्ये त्यातले 278 मेगावॉट सुरू झाले. तिथे जमीन लागत नाही, वर पाण्याला सावली मिळते. रात्रीचा प्रश्न मात्र तोही सोडवत नाही. त्यासाठी विजेची साठवण लागेल.

(दृश्य: हुकुमचंद मिलचा बंद परिसर. गंजलेलं फाटक. भिंतीतून उगवलेला पिंपळ.)

25 डिसेंबर 2023. त्या दिवशी सामराज आणि आशुखेडी या खरगोन जिल्ह्यातल्या गावांत होणाऱ्या या सौर प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्याच कार्यक्रमात हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांचा 224 कोटींचा धनादेशही देण्यात आला. मिल बंद पडली 1992 मध्ये. सुमारे 4,800 कामगार. एकतीस वर्षं.

या शहरातल्या गिरण्यांत मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली. भोंग्यावर घड्याळं लावली जायची. मिलने शहराला वैभव दिलं आणि बंद पडताना आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडलं. एका दिवशी, एका मंचावर, जुन्या उद्योगाची थकबाकी आणि नव्या उद्योगाचा पायाचा दगड. मी ते चित्र विसरू शकत नाही. सौर ऊर्जेतून रोजगार येईल असं सगळे म्हणतात. पॅनेल बसवून झाल्यावर प्रकल्पाला माणसं थोडीच लागतात, हे खरं आहे. म्हणून सामराज-आशुखेडीच्या मुलांना देखभालीचं, वायरिंगचं, इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम शिकवलं जातंय का, हे मला प्रकल्पाच्या मेगावॉटइतकंच महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य: कचरागाडी. ओल्या कचऱ्याची बादली रिकामी होते. देवगुराडिया, मोठ्या गोल टाक्या.)

लोकांच्या हातभारावर प्रकल्प चालवणं इंदूरला नवं नाही. देवगुराडियाला 2022 पासून बायो-सीएनजीचा प्रकल्प चालतो: क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा, त्यातून 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत. तो चालतो, कारण घराघरांत आमच्या आया-काकूंनी भाजीची देठं आणि प्लॅस्टिक वेगळं ठेवायची सवय लावून घेतली. टाक्यांतल्या जिवाणूंना काच-प्लॅस्टिक पचत नाही. कारखान्याचं पहिलं यंत्र स्वयंपाकघरातली बादली आहे.

पाण्याचंही तसंच करता येईल. गळक्या वाहिनीतून जे पाणी रस्त्यावर वाहतं ते घाट चढून आलेलं असतं, त्याच्यावर हजार लिटरमागे दीड युनिटाचा खर्च झालेला असतो. एक गळती बुजवली तर निमाडात तेवढी पॅनेल कमी लागतात.

(दृश्य: राजवाड्यासमोरचा चौक, संध्याकाळ. दिवे लागतात.)

रोखे घेणाऱ्याला दर सहा महिन्यांनी व्याज मिळतं. नळ वापरणाऱ्यालाही हिशेब मिळावा, असं मला मनापासून वाटतं. इथे, राजवाड्यासमोर, एक फलक लावा. महिन्यातून एकदा बदलायचा. त्यावर दोनच आकडे: या महिन्यात किती पाणी घाट चढलं, आणि त्यातलं किती उन्हाने चढवलं.

(दृश्य: पहाट. नळ. आई दाराशी उभी राहून शेजारी हाक मारते.)

"अहो वहिनी, नर्मदा आलीय! भरून घ्या."