आधी झोपेचं विचारा

(गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ताईंनो, घरभेटीत 'मन उदास असतं का?' असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, 'नाही बा, मले काय झालं?' पण 'भाऊ, रात्री झोप लागते का?' म्हटलं की तोच माणूस बोलू लागतो. यवतमाळकडचे एक काका मला म्हणाले होते, 'पडल्यापडल्या डोया लागते, पण तीनले उघडते. मंग बँक, सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न, सारं एकामागून एक येते.' त्यांना वाटत होतं, वय झालं. पण रोज अशी पहाटे जाग येणं, तेव्हाच मन सगळ्यात जड असणं आणि दिवस चढेल तसं थोडं हलकं होणं, ही नैराश्याची जुनी खूण आहे. चिंतेच्या आजारात बहुतेकदा डोळा लागतानाच अडतो.

काळजीनं झोप उडते, हे आपल्याला माहीत आहे. उलटंही तितकंच खरं. निद्रानाश असलेल्या, पण नैराश्य नसलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट दिसते. जागरणानंतर मेंदूतला धोका हेरणारा भाग जास्त भडकतो, त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. बँकेची नोटीस तीच, पण ती सोसवत नाही. म्हणून झोपेवर वेगळा इलाज हवा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली पावणेचार हजार विद्यार्थ्यांच्या अभ्यासात निद्रानाशावर उपचार दिले, तर नैराश्य आणि चिंताही कमी झाली.

आता आपल्याकडचं बघा. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री-फेज लाइन पुष्कळदा रात्रीच येते. त्यात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकायला रात्रीची जागल. या माणसाला 'दहाला झोपत जा' सांगणं मला अन्यायाचं वाटतं. शेताला दिवसा वीज ही मागणी मी आरोग्याचीच मानतो. तोवर जागलीच्या पाळ्या लावा, एकाच माणसावर लागोपाठ रात्री टाकू नका, दुपारी त्याला उठवू नका.

संध्याकाळनंतर खर्रा नको, तंबाखू झोप उडवते. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. मेडिकलमधून झोपेची गोळी आपल्या मनानं आणू नये. ज्याला रात्रपाळी नाही, त्यानं उठायची वेळ रोज एकच ठेवावी. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठून ओट्यावर बसावं, पेंग आली की परत पडावं.

दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, कशातच जीव लागत नाही, असं दिसलं तर 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य फोनसेवेच्या, मोफत नंबरवर तिथूनच फोन लावून द्या आणि डॉक्टरांकडे न्या. निघण्याआधी घरातल्या बाईला विचारा, फवारणीचं औषध कुठं ठेवलंय? ते कुलपात जाऊ द्या, किल्ली तिच्याकडे.