पोटरीची कातडी टाचेवर

(दृश्य: ड्रेसिंग उतरवलेला भाजलेला पाय)

टाचेमागचा हा पांढरट पट्टा बघा. हा अकिलीस टेंडन, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी. त्याच्यावरचं पातळ वेष्टन जळून गेलंय. मांडीची कातडी काढून इथे लावली, तर ती धरणार नाही. लावलेली कातडी खालच्या जागेतून रक्त घेऊन जगते, आणि इथे खाली रक्तच उरलेलं नाही.

म्हणून फ्लॅप. कातडी, खालची चरबी आणि त्यांना जगवणाऱ्या रक्तवाहिन्या, सगळं एकत्र उचलायचं.

(दृश्य: पोटरीवर निळ्या शाईची आखणी)

आखणी पानासारखी आहे. या पानाचा देठ मात्र तोडत नाहीत. घोट्याच्या साधारण ५ सेंटीमीटर वर तो शाबूत ठेवतात, त्यातून रक्त उलटं, खालून वर चढतं. पान देठावर फिरवून टाचेवर बसवायचं. बारीक रक्तवाहिन्या तोडून पुन्हा जोडायच्या नाहीत, म्हणून मायक्रोस्कोप लागत नाही, आणि लहान गावांतल्या पेशंटसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! हा रिव्हर्स सुरल (सुरल म्हणजे पोटरीचा) फ्लॅप फ्रान्सच्या मास्कले यांनी १९९२ साली मांडला.

पण पोटरीही भाजली असेल तर? मग दुसऱ्या पायाची कातडी. अमेरिकेत फ्रँक हॅमिल्टन यांनी १८५४ मध्ये या क्रॉस-लेग फ्लॅपचं वर्णन केलं, आणि गरज पडली की आजही तो करतात. फ्लॅपचा देठ दुसऱ्या पायालाच असतो, म्हणून टाचेवर तो धरेपर्यंत दोन्ही पाय एकमेकांना जखडून साधारण तीन आठवडे. कूस बदलता येत नाही. बेडपॅन द्यायला दोन माणसं लागतात. घरचं माणूस उशाशी बसून राहतं, खाज सुटली की हळूच फुंकर घालतं. ऑपरेशनचं कौतुक होतं, या तीन आठवड्यांचं कुणी करत नाही.

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड, टॉर्चचा उजेड)

पहिल्या रात्री सिस्टर पुन्हा पुन्हा येतात. फ्लॅपवर बोट दाबतात, सोडतात. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत गुलाबी झाली, तर ठीक. निळसर दिसली, तर रक्त येतंय पण परत जात नाहीये. लगेच डॉक्टरांना फोन.

(दृश्य: दारातली चप्पल)

जखम भरते, पाऊल टाकता येतं. पण या नव्या टाचेला खडा टोचलेला कळत नाही, तापलेली फरशी कळत नाही. म्हणून चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा, रोज. आणि रात्री आरसा धरून टाच.