तळ्याकाठच्या बागेचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

सावंतवाडीत दिवेलागणीच्या वेळी कुणाला विचारा, कुठे निघालात? उत्तर ठरलेलं: "तळ्यार जातंय." तळं म्हणजे मोती तलाव. १८७४ साली ते बांधून काढल्याची नोंद आहे. एका अंगाला भोसल्यांचा जांभ्या चिऱ्यांचा राजवाडा, वर नरेंद्र डोंगर. गणपती पाण्यात पोचवायचे तेही इथेच, आणि त्या दिवशी काठावर पाऊल टेकायला जागा नसते.

आज बोलायचंय ते या तळ्याजवळच्या बागेविषयी. पोरं तिला नुसती 'बाग' म्हणतात. रिकामा पाळणा दिसला की आईचा हात सुटतो, चपला वाटेतच राहतात. पाटी वाचायला वेळ कुणाला? बागेचं नाव आहे, जगन्नाथराव भोसले उद्यान.

जगन्नाथराव इथल्याच पंचक्रोशीतले, तिरोडे गावचे. जन्म १९०६ चा. इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत शिकले, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांचे युद्धकैदी झाले. तिथून आझाद हिंद सेनेत. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकार जाहीर केलं, तेव्हा त्या मंत्रिमंडळात फौजेचे प्रतिनिधी म्हणून आपले जगन्नाथराव होते. अभिमानाने आपण सांगतो ते एवढंच.

मला त्यांचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावून आलेली मुलं तेव्हा दिल्लीत निर्वासितांच्या वसाहतींत वाढत होती. काही तर आईबापांवाचून. १९५४ साली जगन्नाथरावांनी दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, एका सुरात गाणी. ज्यांच्या दिवसाला काही धरबंधच उरला नव्हता, त्या मुलांना सकाळी उठून रांगेत उभं राहायला एक जागा मिळाली. हळूहळू ही योजना देशातल्या अनेक शाळांमध्ये पोचली.

सेनानींची नावं आपण बहुधा चौकांना देतो. यांचं नाव मुलांच्या खेळण्याच्या जागेला लाभलं, आणि इतकं चपखल नाव मी दुसऱ्या कुठल्या बागेला पाहिलेलं नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या खेपेला नातवंडाला घेऊन तळ्यार गेलात, तर आधी त्याला पाटीपाशी उभं करा आणि नाव मोठ्याने वाचायला लावा. मग खुशाल पाळण्याकडे धावू द्या.

नमस्कार.