बोटांनी वाचायचं यंत्र

रेडिओवर चालणारं मॉडेल विमान वर आहे. जमिनीवरून उडवणाऱ्याची नजर त्याच्यावर, आणि ती हटवायची सोय नाही. क्षणभर मान खाली गेली, तर तो ठिपका येतोय की जातोय हे वर बघितल्यावरही पटकन कळत नाही. म्हणजे हातातला ट्रान्समीटर, विमानाला हुकूम पाठवणारा डबा, हे बोटांनी वाचायचं यंत्र. आता ते जवळून बघू.

या ट्रान्समीटरवर आठ स्विच. सहा तीन-स्थितींचे, एक दोन-स्थितींचा, एक सोडला की परत येणारा. दांड्या गुळगुळीत, टोकं सारखीच. मोटर बंद ठेवणारा स्विच आणि चाकं खाली सोडणारा स्विच, दोन्ही एकाच बोटाच्या टप्प्यात. नावं छापली आहेत खरी, पण ती डोळ्यांसाठी! इथे मोटरच्या स्विचवर श्रिंक ट्यूबचा, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचा, सेंटिमीटरभर तुकडा चढवून गरम हवा दिली आहे. आता बोटाला फरक कळतो. खेचल्याशिवाय न हलणारा लॉकिंग स्विच याहून चांगला. तो कारखान्यातूनच का येत नाही, कोण जाणे.

ट्रिमचंही, म्हणजे विमान सरळ ठेवायला स्टिकच्या मधल्या जागेत केलेल्या बारीक बदलाचंही, तेच. जुन्या ट्रिमची सरकपट्टी मधे आहे की कडेला, हे अंगठ्यालाच कळायचं. आताच्या बटणाला प्रत्येक दाबेला एक बीप, मधोमध आलं की वेगळा बीप. वारा सुटला की दोन्ही ऐकू येत नाहीत, आणि किती दाबलं ते बघायला पडदा. त्या पडद्यावर ऊन.

हा गिम्बल, स्टिक ज्यावर फिरते तो सांधा. मागचं कवच काढण्याआधी बॅटरी सोडवा, कारण दोन्ही भागांना जोडणाऱ्या वायरी आखूड असतात आणि झटक्याने निसटतात. स्प्रिंगचा ताण या बारीक स्क्रूवर: पाव फेरा द्या, स्टिक सोडा, ती मधे येऊन थरथरते का ते बघा. थ्रॉटलला, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्टिकला, स्प्रिंग नसते, तिथे पत्र्याची पट्टी दात्यांवर दाबलेली असते. मल्टिकॉप्टरवाल्यांना ती टकटक नको असते, ते गुळगुळीत पट्टी लावतात. स्टिकची जागा ओळखायला पूर्वी सगळीकडे पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा भाग, असायचा. त्यातला कार्बनचा पट्टा मधोमध सगळ्यात आधी झिजतो आणि सर्व्हो, विमानातले भाग हलवणारी छोटी मोटर, जागच्या जागी फडफडतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक असतो, घासत काहीच नाही. सेन्सर सुधारला, पण ताणाच्या स्क्रूसाठी बऱ्याच ट्रान्समीटरांचं कवच अजून उघडावंच लागतं. पाठीला चार भोकं पाडली असती तर भागलं असतं. काहींना ती असतात, रबरी ग्रिपखाली लपलेली.

आता मेन्यू. एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी, उलटा फिरतोय, दिशा बदलायची आहे. ओपनटीएक्स किंवा एजटीएक्स या ट्रान्समीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन ठिकाणी करता येतं: इनपुट (स्टिककडून येणारा हुकूम), मिक्स (कोणता हुकूम कोणत्या चॅनेलवर, किती प्रमाणात), आउटपुट (सर्व्होला जाणारा हुकूम). जमिनीवर तिन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, आणि घोळ इथेच होतो. इनपुट उलटवला, तर त्यावर चालणारे सगळे मिक्स उलटतात. मिक्सला उणे 100 वजन दिलं, तर त्याच चॅनेलवर पुढे जोडलेल्या प्रत्येक मिक्सचं चिन्ह पुन्हा जुळवत बसा. सर्व्होची दिशा आउटपुटमध्येच बदलायची. पडदा मात्र हे कुठेच सांगत नाही.

मेमरीत दुसरंच मॉडेल निवडलेलं राहिलं, तर विमान पहिल्याच वळणाला उलटं वळू शकतं.

यावर रिसीव्हर क्रमांकाची सोय आहे: मॉडेलला वेगळा क्रमांक द्या, मग बाइंड करा (विमानातला रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडा), क्रमांक जुळला नाही तर सर्व्हो हलत नाहीत. मात्र मॉडेलची नक्कल काढली की क्रमांकही बऱ्याचदा तसाच उतरतो. तो हाताने बदला.

उड्डाणाआधी विमानाच्या मागे उभं राहून, मोड 2 मध्ये (थ्रॉटल डाव्या स्टिकवर, एलेरॉन उजव्या), उजवी स्टिक उजवीकडे. उजवा एलेरॉन वर, डावा खाली.