दर २५६ किलोमीटरला

(पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

डिस्प्ले चालता चालता गोठायचा. वेग ४३ वर अडकला की गाडी स्टँडवर लावली तरी ४३च. किल्ली बंद-चालू केली की सगळं ठीक. मी तेव्हा चाकणला एका दुचाकीच्या क्लस्टरवर, म्हणजे हँडलवरच्या वेग दाखवणाऱ्या डिस्प्लेवर, काम करत होतो. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यात खड्डे, त्यामुळे पहिला संशय हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर. वायरी पिळून घेतल्या, फेराइट (विजेची गडबड दाबणारी कडी) लावले, कनेक्टर बदलला. दोन महिने गेले. हार्नेस पुरवणाऱ्या बिचाऱ्याने निमूट बोलणी खाल्ली.

कोडं सुटलं ते आमच्या टेस्ट रायडरच्या वहीमुळे. डिस्प्ले गोठला की तो ओडोमीटरचा आकडा टिपून ठेवायचा. ७६८, १२८०, १५३६, २३०४. टपरीवर चहा पिताना मी ती वही चाळली आणि चहा तसाच राहिला. आपल्या धंद्यात २५६ चा पाढा ओळखायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

झालं होतं असं. दर किलोमीटरला आम्ही ओडोमीटरची १६ बाइटची नोंद फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, करायचो. सेक्टर, म्हणजे एकदम पुसायचा तुकडा, ४०९६ बाइटचा, म्हणजे २५६ नोंदींत भरला. मग दुसरा सेक्टर पुसून घ्यायचा, त्याला सुमारे २० मिलिसेकंद. प्रोग्रॅमही त्याच फ्लॅशमधून चालत असल्याने तेवढा वेळ सीपीयू ताटकळत उभा. तिकडे मोटर कंट्रोलर दर ५० मिलिसेकंदांनी १२ बाइटचा मेसेज पाठवतोय. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एक बाइट ८७ मायक्रोसेकंदांत येऊन थडकतो. आधीचा उचलला नाही तोवर पुढचा दारात, की झाला ओव्हररन. पुसणं ५० पैकी २० मिलिसेकंदच, मेसेज नेमका त्यात सापडेलच असं नाही, म्हणून डिस्प्ले दर २५६ ला गोठत नाही, पण गोठला की पटीतच.

चार बाइट हरवले तर खरं म्हणजे काही बिघडत नाही, पुढचा मेसेज येतोच. पण त्या चिपमध्ये ओव्हररनचा फ्लॅग (चूक झाल्याची खूण) पुसेपर्यंत रिसीव्हर नवा बाइट घेतच नाही. अनेक मायक्रोकंट्रोलर असेच वागतात. आमच्या ड्रायव्हरने, म्हणजे बाइट उचलणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘डेटा आला’ एवढाच इंटरप्ट (सीपीयूला हाक मारणारा इशारा) चालू केला होता, एररचा केलाच नव्हता. डेटा येईना, म्हणून इंटरप्ट येईना, म्हणून फ्लॅगकडे कोणी बघेना. चूक माझी होती, ड्रायव्हर मीच लिहिला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे फ्लॅग सरसकट पुसून टाकू. तसंही करू नका. ओव्हररन तुमच्या सॉफ्टवेअरची तक्रार करतो, तार निर्दोष असते. फ्रेमिंग एरर म्हणजे स्टॉप बिट, बाइट संपल्याची खूण, जागेवर सापडला नाही. दोन टोकांच्या घड्याळांत मिळून ५ टक्क्यांच्या आसपास फरक पडला की हे होतं, आणि चिपमधलंच साधं घड्याळ (आरसी ऑसिलेटर) असेल तर गारठ्यात किंवा इंजिनाजवळच्या उष्णतेत ते घड्याळ सरकतं. फ्रेमिंग एररसोबत बाइट सतत शून्यच येत असेल तर मात्र तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे का ते आधी बघा. पॅरिटीवर, म्हणजे बाइटमागे एका बिटाच्या पडताळणीवर, माझा फारसा भरवसा नाही. दोन बिट उलटले की ती गप्प बसते, सीआरसी (अख्ख्या मेसेजवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लावा. प्रत्येक प्रकाराचा काउंटर वेगळा ठेवा.

कॅन बसने, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या सामाईक तारेच्या पद्धतीने, हा विचार हार्डवेअरमध्येच बसवलाय. बॉशने १९८६ मध्ये तो डेट्रॉइटला मांडला. त्यात मला सगळ्यात आवडतो तो चोराच्या उलट्या बोंबांवरचा इलाज. नोड, म्हणजे बसला जोडलेला एखादा कंट्रोलर, स्वतः बिघडलेला असेल आणि इतरांच्या नावाने ओरडत असेल तर? म्हणून पाठवताना चूक झाली तर काउंटर ८ ने वाढतो, ऐकताना बहुधा १ नेच, आणि एक मेसेज नीट गेला की फक्त १ ने उतरतो. १२८ ला नोडची ओरड बंद (मेसेज तो पाठवू शकतो), २५६ ला तो बसबाहेर. टेबलावर एकटाच नोड लावलात तर मात्र तो बसबाहेर जात नाही. पोच द्यायला दुसरं कोणी नसतं हे नियमात धरलंय, म्हणून काउंटर १२८ ला थांबतो. दरवर्षी कोणीतरी पोरगं यावर रात्र घालवतं.

बसबाहेर गेल्यावर परतायला सलग ११ रिसेसिव्ह बिट (बस मोकळी असतानाची पातळी) १२८ वेळा दिसावे लागतात. ५०० किलोबिटला हे ३ मिलिसेकंदांच्या आत उरकतं. तुम्ही लगेच पुन्हा घुसवलंत तर बिघडलेला नोड सेकंदाला कित्येकदा सगळ्यांना छळणार. दोनचार प्रयत्न झटपट करा, नंतर अंतर वाढवत जा.

आमच्या क्लस्टरमध्ये मग एररचा इंटरप्ट आला, अर्धवट मेसेज फेकून पुढच्या हेडरची (मेसेजच्या सुरुवातीची) वाट बघणं आलं. आणि अर्धा सेकंद डेटा आला नाही तर वेगाच्या जागी दोन रेघा. यावर विक्रीवाले चिडले: ग्राहकाला रेघा दिसल्या तर तो गाडी परत घेऊन येईल! मी म्हटलं, येऊ दे. वहीत आकडा लिहून आणला तर फारच उत्तम.