भूल जास्त झाली तर?

श्रोतेहो, नमस्कार. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिरजेत मला हमखास एक प्रश्न येतो: "डॉक्टर, भूल जास्त झाली तर?" जतहून आलेली आजी असो की सांगलीतले प्राध्यापक, प्रश्न तोच. आणि तो रास्त आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्या काळी जगभर याचं उत्तर डॉक्टरच्या नजरेत आणि बोटांत असायचं. नाडी बघा, बुबुळं बघा, छाती हलते का बघा. आता श्वासच मोजता येतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनं घरोघरी पोचवला. पण तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो, आणि उशिरा सांगतो. भूल देण्याआधी आम्ही मास्कमधून भरपूर ऑक्सिजन देतो, त्यामुळे पुढे श्वास थांबला तरी काही मिनिटं आकडा ९९ वरच राहू शकतो. म्हणून माझी नजर आधी जाते ती कार्बन डायऑक्साइडच्या रेघेकडे.

श्वासाच्या नळीला जोडलेल्या बारीक ट्यूबमधून मॉनिटर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर हवा ओढतो आणि तिच्यातून इन्फ्रारेड किरण सोडतो. कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषतो, भुलीची औषधं ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यातले. किती किरण शोषले गेले, यावरून प्रमाण कळतं. ऑक्सिजन मात्र या किरणांना दादच देत नाही! तो चुंबकाकडे ओढला जातो, म्हणून बऱ्याच मॉनिटरमध्ये त्याला चुंबकानं मोजतात. इतकी वर्षं झाली, मला याची गंमत वाटतेच.

तर ती रेघ. श्वास सोडताना वर चढते, सपाट होते, श्वास घेताना शून्यावर येते. आटपाडीकडची धाब्याची घरं एका ओळीत उभी असावीत तशी. उच्छ्वासाच्या शेवटचा आकडा ३५ ते ४५ मिलिमीटर पारा हवा. दमेकऱ्याचा माथा तिरका होतो. श्वासनलिकेत घालायची नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ही घरं उभीच राहत नाहीत, आणि ते आम्हाला बोटावरचा आकडा घसरण्याच्या कितीतरी आधी कळतं.

भुलीचंही तसंच. सेव्होफ्लुरेन हे श्वासातून द्यायचं भुलीचं औषध किती सोडलं यापेक्षा उच्छ्वासात किती परत आलं ते महत्त्वाचं. मेंदूत किती पोचलंय याचा अंदाज त्यावरून बांधतात. चाळिशीच्या माणसाच्या उच्छ्वासात ते साधारण २ टक्के असलं, तर चीर घेताना निम्मे जण हलत नाहीत. ऐंशीच्या आजीला त्यासाठी १.४ पुरतं. सोबत वेदनाशामक दिलं की आणखी कमी लागतं. हा आकडा दर श्वासाला समोर असतो, मर्यादा ओलांडली की अलार्म वाजतो. ऑपरेशन संपत आलं की औषध बंद करायचं, आकडा उतरू लागतो. तो त्या १.४ च्या एक तृतीयांशाच्या आसपास आला, की आजीला नावानं हाक मारायची. बहुतेक वेळा ओ येते.